मोटारीत बसून गेलेला माणूस

पडद्यावर घोडे उधळले आणि बानाबाईनं नातवाचं मनगट घट्ट धरलं. माणसं ओरडत होती, तलवारी एकमेकींवर आदळत होत्या, पण आवाज कशाचाच नव्हता. शहराच्या छावणी भागातल्या त्या लहानशा हॉलात फक्त पंख्यांची घरघर चालू होती.

"ह्यातला कोणता हाय रे, अंगद?"

"मला कसं कळावं आज्जी? तूच बघ."

तिला तरी कुठं कळणार होतं? नव्वदी ओलांडली, पण बापाचं तोंड तिनं कधी पाहिलं नव्हतं. ती पोटात असतानाच रामहरी गेला. मुंबईची सिनेमा कंपनी दौलताबादच्या किल्ल्यावर शूरवीरांचा मूकपट काढायला आली होती. सैनिक म्हणून उभे करायला तिला गडी हवे होते, मागं चरताना दाखवायला मेंढरं हवी होती. बाकीचे धनगर कळप घेऊन गोदावरीच्या अंगानं पुढं गेले. रामहरी आणि मनकर्णा, नवराबायको दोघंच, किल्ल्याखाली मागं राहिले. पुढं बिडकीनजवळ मनकर्णा एकटीच मेंढरं हाकत येऊन मिळाली. काय झालं म्हणून विचारलं तर एवढंच म्हणाली, "कंपनीच्या मोटारीत बसून गेला."

बाकीचं लोकांनी रचलं. सिनेमातल्या बाईच्या नादी लागला, मुंबईत दुसरं घर केलं, काय काय. बानाबाई पळपुट्याची पोर म्हणूनच वाढली. मनकर्णा तेव्हा ऐन विशीत. समाजात दुसऱ्या लग्नाची मोकळीक होती, धाकटा दीर धोंडिबा तयार होता, पंच समजावून थकले. ती हलली नाही. "माझा दादला जित्ता हाय," म्हणायची आणि रोज सकाळी ठसठशीत कुंकू लावायची. रस्त्यावर मोटारीचा आवाज आला, की लहानगी बानाबाई उड्या टाकत बघायला पळायची. आई मात्र हातातलं काम सोडून कधी उठली नाही.

तो जुना सिनेमा कुठल्याशा डब्यात सापडला, त्यात इथलेच गडी सैनिक झालेत, असं पेपरात वाचून अंगदनं कारखान्यातून रजा काढली होती. बानाबाई लगेच तयार झाली. तिला माया आली होती असं नाही. त्या माणसाचं तोंड एकदा दिसू दे, मग चार शब्द सुनावते, एवढंच तिच्या मनात होतं.

पडद्यावर तटावरची लढाई जुंपली. एक उंच, सडपातळ सैनिक अगदी कडेला आला. त्यानं छातीवर हात दाबला, ठरवून दिल्यासारखा मागं कलला आणि पडला. खाली गवताचा ढीग रचलेला होता. ढीग एका बाजूला राहिला, माणूस दगडांवर आला.

हॉलात टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "क्या गिरा है!"

मग खालची मेंढरं पांगली आणि त्यांच्यातून एक बाई धावत पुढं आली. पोटुशी होती. एका हातानं पोट सावरत, उजवा खांदा पुढं काढून ती पळत होती. तशी पळणारी एकच बाई बानाबाईला ठाऊक होती. हनुवटीवरचं गोंदण दिसलं आणि तिची खात्री पटली. आई एवढी तरणी तिनं कधी पाहिली नव्हती. त्या पोटात आपणच आहोत, हे तिच्या जरा उशिरानं ध्यानात आलं.

मनकर्णानं त्या माणसाचं डोकं मांडीवर घेतलं. गाल थापटले. छातीला कान लावला, दुसऱ्यांदा लावला. मग तिनं तोंड उघडलं, आणि ते बराच वेळ मिटलंच नाही. आवाज आलाच नाही. शेवटी तिनं पदर ओढला आणि त्याचा चेहरा झाकला.

पाटी आली: वीरपत्नीचा शोक. पुढं नायक पांढऱ्या घोड्यावरून हसत गेला. मोटार पडद्यावर कुठंच आली नाही. ती नंतर, त्याला उचलून न्यायला आली असणार.

दिवे लागले. 

सिनेमा दाखवणारा सुदर्शन नावाचा तरुण माईकवर आला. "नायक, नायिका, कॅमेरा फिरवणारे, घोडेवाले, सगळ्यांची नावं आम्हाला मिळाली. फक्त त्या वीरपत्नीचं नाव मिळत नाही. त्या काळात इतकं खरं काम कुणी केलं असेल, विश्वास बसत नाही. कुणाला काही माहिती आहे का?"

बानाबाई अंगदच्या खांद्याचा आधार घेऊन उठली.

"मनकर्णा. माझी माय व्हय ती. अन् पडला तो माझा बाप, रामहरी."

हॉल वळून तिच्याकडं बघू लागला. सुदर्शन खुशीनं पायऱ्या उतरून धावत आला. "काय सांगता, आजी! म्हणजे तुमच्या आई सिनेमात काम करायच्या?"

"सिनेमात नाय केलं, लेकरा," बानाबाई म्हणाली. "घरी आल्यावर केलं. मरोस्तोवर केलं."