डब्ल्यूचं गाणं

आमच्या ह्यांनी गाडीत इंग्रजी गाणी भरलीत, तीसुद्धा पहिल्या अक्षराप्रमाणे ओळीने लावून. दर प्रवासाला हे स्वतः गाणी मागे नेऊन 'ए'पासून सुरुवात करणार, मध्ये उडी मारायची नाही. माझं आवडतं गाणं नेमकं 'डब्ल्यू'चं.

"तेवढं एक लावा ना," म्हटलं की उत्तर ठरलेलं.

"येईल की ओघाने. धीर धर जरा."

माझं माहेर 'सी' संपायच्या आत येतं. सासूबाईंचं घर लांब, तिकडे जाताना 'एम' लागतो. त्यापुढे आमच्या संसाराची मजल कधी गेलीच नाही.

काल सुट्टी असूनही "ऑफिसात अर्जंट काम आहे" म्हणून हे एकटेच गाडी घेऊन गेले. संध्याकाळी इतके दमून आले बिचारे, की जेवायलासुद्धा नको म्हणाले.

आज सकाळी दूध आणायला मी गाडी काढली. किल्ली फिरवली, तर काल जिथे थांबली होती तिथूनच गाणी पुढे सुरू झाली. लागलं ते माझंच, 'डब्ल्यू'चं. इतकी वर्षं धीर धरल्याचं फळ.



ह्यांचं ऑफिस 'ए'चं दुसरं गाणं संपायच्या आत येतं.