न फवारणाऱ्यांपैकी

पुष्पानं डावा हात पुढे केला आणि तोंड फिरवलं. सुईकडे बघायचं नाही, एवढं तिला मागच्या वेळेपासून ठाऊक होतं.

"आज रक्त नको," मंदा म्हणाली. "नुसतं बोलायचंय."

कपाशीच्या बांधावर, निंबाखाली तिघी बसल्या होत्या. पुष्पाला सहावा महिना होता, म्हणून सासूनं, द्रौपदाबाईनं, तिच्याखाली गोणपाट दुमडून दिलं होतं. मंदा जळगावच्या कॉलेजातून आली होती. गेल्या दिवाळीनंतर तिनं या गावात रक्त गोळा केलं होतं. जास्त करून फवारणी करणाऱ्या गड्यांचं, आणि तुलनेला म्हणून कधीच न फवारणाऱ्या काहींचं. पुष्पा त्या दुसऱ्यांमधली.

"निंघनं ना मनी वहूनं रक्त चोख?" द्रौपदाबाईनं विचारलं. "मी बठ्ठा गावमां सांगीसन बसेल शे."

मंदानं नुसती मान हलवली. ती हो होती की नाही, ते द्रौपदाबाईला कळलं नाही.

रक्तातल्या पेशी काचेवर पसरायच्या, त्यांच्या पोटातले गुणसूत्रांचे धागे सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे, तुटलेले मोजायचे, हे मंदाचं काम. औषध मारणाऱ्यांचे धागे तुटलेले असणार, हे तिनं धरलंच होतं. पण पुष्पाच्या काचेवरही तसेच निघाले. बाटली बदलली असेल, टाकून दे, असं कॉलेजातले सर म्हणाले. मंदाला ते पटेना. बाटलीवर पुष्पाचं नाव तिनं स्वतःच्या हातानं चिकटवलं होतं.

"मधे कधी एक्स-रे काढला होता?"

"नाही, ताई."

"तंबाखू? मिसरी?"

"आमच्या घरात कुणीच नाही लावत."

"आणि फवारणी?"

"नाही हो. ते गड्यांचं काम."

तेवढ्यात कपाशीच्या तासातून पुष्पाचा नवरा लोटन वर आला. पाठीवर पंप, नाकातोंडाला उपरणं, पायजमा गुडघ्यापर्यंत ओला. त्यानं उपरणं खाली ओढलं.

"ताई, काय चौकशी चाललीय बायकोची? मी तिले पंपले हात बी लावू देत नही. गावमां पोरं मले चिडवतस, तुन्हा रक्तमां भेसळ, बायकोनं खरं." तो हसला आणि पंप खाली उतरवला. "पुष्पा, रिकामा शे."

"आले."

पुष्पा गुडघ्यावर हात टेकून उठली. विहिरीजवळ पाण्यानं भरलेला ड्रम होता, त्याला लागून एक बसका दगड. ती दगडावर बसली. औषधाच्या पावडरीची पुडी दातांनी फाडली, पाण्यात रिकामी केली, बाही वर सरकवली आणि हात कोपरापर्यंत आत घातला. पाणी दुधासारखं झालं. पिठल्यातल्या गुठळ्या मोडाव्यात तशा ती बोटांनी पावडरीच्या गुठळ्या शोधून मोडत होती.

मंदा उभी राहिली.

"काठी नाही का?"

"काठीनं गुठळी फुटत नाही. मग ती नळीत अडकते आणि हे खेकसतात."

"गेल्या वर्षी कोण कालवायचं?"

"मीच. लग्न होऊन आले तेव्हापासून मीच."

"पण मी विचारलं होतं तुम्हाला."

"तुम्ही विचारलं, फवारता का." पुष्पानं वर बघितलं. आवाजात तक्रार नव्हती, विसराळू माणसाला आठवण करून द्यावी, तसं ती म्हणाली, "मी कुठं फवारते?"

"आनि यंदा तर आम्ही तिले काहीच काम सांगत नही, माय," द्रौपदाबाई मागून आली. "पानी नही, निंदनी नही. भरेल पोट शे. म्हनं, सावलीमां बसीसन औषध कालव, बाकी कसाले हात लावू नको."

मंदानं वाकून पुष्पाचं मनगट धरलं आणि हात ड्रमाबाहेर काढला. कोपरापासून बोटांपर्यंत पांढरे ओघळ उतरत होते.

"ताई, माझ्या रक्तात काय निघालं?"

"तुटलेलं आहे. फवारणाऱ्यांसारखंच."

पुष्पानं कोरडा हात पोटावर ठेवला.

"आणि याचं?"

"तुमच्या रक्तावरून बाळाचं सांगता येत नाही."

"म्हणजे चांगलं असेल?"

"काहीच सांगता येत नाही, पुष्पाताई. पण हे आजपासून बंद करा."

पुष्पानं ओला हात अंगापासून लांब धरला होता. एक थेंबही पोटाकडे येऊ नये, असा ताणून.

लोटननं कुंपणातली एक काठी उपसली आणि ड्रम ढवळायला घेतला. त्यानं बराच वेळ ढवळलं. गुठळ्या काठीबरोबर गोल फिरल्या आणि पुन्हा वर आल्या. त्यानं कपाशीकडे बघितलं. अर्धं रान मारायचं राहिलं होतं. बोंडांत अळी होती.

मग द्रौपदाबाईनं सुनेच्या काखेत हात घालून तिला उठवलं आणि विहिरीच्या पन्हाळीकडे ढकललं. "धोय. चांगला चोळीसन धोय."

आणि ती स्वतः दगडावर बसली.

"आजी, नका," मंदा म्हणाली.

द्रौपदाबाईनं बांगड्या वर सारल्या. हाडावर अडकल्या तशाच राहू दिल्या आणि हात आत घातला.

"मले आते कोठे लेकरू व्हवानं शे," ती म्हणाली, आणि बोटांनी गुठळ्या शोधू लागली.

लोटन काठी धरून उभा होता. थोड्या वेळानं त्यानं पंपाचं झाकण काढलं आणि पंप आईच्या पुढ्यात ठेवला.