एकाच माणसाची खुर्ची

तयार खुर्ची गिऱ्हाइकाला देण्याआधी बसून बघायचं काम तिचं होतं. नवरा काथ्या भरायचा, कापड ताणून खिळे ठोकायचा. ती खोळी शिवायची आणि शेवटी ऐसपैस बसून कुठे काही टोचतंय का ते बघायची. या परीक्षेत नवऱ्याला तिनं कधी सूट दिली नव्हती.

आज ती बसली आणि लगेच उठली. खुर्चीच्या डाव्या हातात खडे लागत होते. शिवण उसवून तिनं बोटं आत घातली, तर चिंधीत बांधलेल्या पांढऱ्या गोळ्या निघाल्या. नवऱ्याच्या उदासीवर डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या. कचऱ्यात टाकल्या तर बायकोला दिसतील, म्हणून या शहाण्यानं गिऱ्हाइकाच्या खुर्चीत पुरल्या होत्या!

"म्हणजे रोज माझ्यासमोर नुसतंच पाणी पिता?"

त्यानं झटकन चार खिळे ओठांत धरले. उत्तर टाळायचं असलं की त्याचं हे ठरलेलं. तिनं तळहात पुढे केला.

"काढा."

एकेक खिळा तिच्या हातावर आला. शब्द त्याहून सावकाश आले.

"गोळ्यांनी मन ताळ्यावर आलं गं. पण रात्री तू जवळ येतेस आणि माझं शरीर ढिम्म. मग तू कूस बदलतेस. वाटतं, एक दिवस कंटाळशील मला."

"कूस बदलते, कारण तुम्ही घोरता."

तो हसला नाही. मग तीही हसायची थांबली.

"गोळ्यांआधीचं विसरलात? दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून पडायचात. दुकानातल्या कात्र्या मी कुलपात ठेवायचे. आता पुन्हा तुमचं गुणगुणणं बंद झालंय, तेव्हापासून माझ्या जिवात जीव नाही. मला तुम्ही हवे आहात. बाकीचं बघू. आपल्या मनानं बंद करू नका, असं बाईंनी बजावलं होतं ना? त्यांना सांगा. गोळी कमी करतील, नाहीतर बदलतील."

"असलं काही बाईमाणसाला कसं सांगू?"

"मी सांगते. मीही बाईमाणूसच आहे, आणि निम्मी तक्रार माझी आहे."

त्याचे कान लाल झाले. पण फोन त्यानंच लावला. बाईंनी संध्याकाळी दोघांनाही बोलावलं.

उसवलेली शिवण पुन्हा घालून ती खुर्चीत बसली आणि तिनं त्याला हात धरून ओढलं.

"अगं, एकाच माणसाची आहे ही!"

"सरकते मी. बसा."

तो कसाबसा मावला. लाकूड कुरकुरलं. तिनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"गिऱ्हाईक येईल आता," तो पुटपुटला, पण उठला नाही.

"येऊ दे. सांगू, खुर्ची अजून बघून व्हायचीय."