दुभाष्याची आई

"आज मला बाळ म्हणायचं नाही," लिफ्टमध्ये दुभाष्याने आईला पुन्हा बजावलं. "मी तुझा कुणी लागत नाही. साहेब म्हण."

"बरं साहेब," आई म्हणाली आणि तिने चष्मा सावरला.

नातलगाने दुभाष्या म्हणून बसायचं नाही, असा त्या इस्पितळाचा नियम होता. नातलग उत्तरं सुधारून सांगतात. हा नियम दुभाष्याने आजवर इतरांना ठणकावून सांगितला होता. पण आई हल्ली चहात मीठ घालू लागली होती, आणि तिच्या डोक्याची परीक्षा परक्याच्या तोंडून व्हावी, हे त्याला सोसवेना. म्हणून त्याने घरी रीतसर तालीम घेतली. तालमीत ती हटकून 'बाळ' म्हणायची. तो वैतागायचा, ती हसायची.

शब्द गोळा करायचा त्याला नाद. 'आई' हा शब्द त्याला तीन परक्या भाषांत सापडला होता. एकीत त्याचा अर्थ प्रेम, दुसरीत चंद्र आणि तिसरीत चक्क 'कोण?'. त्यावर आईने शेरा मारला होता, "त्या तिसऱ्या मुलखात मला दिली नाही, ते एक बरं झालं."

डॉक्टरबाईंना मराठीचा गंध नव्हता. त्यांनी आजचा वार विचारला. आईने महिना सांगितला, तोही गेलेला. दुभाष्याने बाईंना बिनचूक वार कळवला. अशी बरीच उत्तरं वाटेत सुधारली.

मग मुलाबाळांची चौकशी झाली.

"एक मुलगा आहे," आई म्हणाली. "साहेब, यांना सांगा, साऱ्या जगाचं बोलणं जगाला समजावतो, पण माझ्यापाशी बसायला त्याला सवड नाही."

टोमणा असा वर्मी बसला की हसू दाबताना दुभाष्याला ठसका लागला. रंगभूमी एका नटीला मुकली, असं त्याच्या मनात आलं. हे एवढं उत्तर त्याने जसंच्या तसं सांगितलं.

वयाच्या मानाने स्मरणशक्ती उत्तम आहे, असं म्हणून डॉक्टरबाईंनी त्यांना निरोप दिला.

व्हरांड्यात येताच आई बाकावर टेकली. "तुमचे उपकार झाले. मला न्यायला मुलगा येईल. तुम्ही निघा साहेब, तुमचीही आई वाट बघत असेल."

दुभाष्या पोट धरधरून हसला. "पुरे झालं नाटक. चल घरी, आई."

तिने वळून मागे पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

"कोण?" तिने विचारलं.