पुसता येणारे मेल

“दिघे, तुमचं काय मत?” डायरेक्टरसाहेबांनी विचारलं. प्लँट मॅनेजर दिघेंनी आधी साहेबांचा चेहरा वाचला, मग मत दिलं. या कारखान्यात मत असंच द्यायचं असतं.

कंपनीचे मेल साठवायला दोन सिस्टिम पुढे होत्या. कॉम्प्युटर विभागाचे तांबोळी पहिलीसाठी जीव तोडून सांगत होते, “यातला मेल कुणाच्या बापालाही पुसता येत नाही.” दुसरीत साहेबांना कुणाचाही मेल कायमचा पुसता येत होता.

“तांबोळी, जुन्या मेलचं लोणचं घालताय काय?” दिघे म्हणाले. साहेब खो खो हसले, मग सगळेच हसले. दुसरी सिस्टिम आली.

पुढे प्रेस मशीनची हात वाचवणारी जाळी तुटली. दिघेंनी साहेबांना मेल केला, मशीन बंद ठेवू या. साहेबांचा फोन आला, “ऑर्डर अडकलीय, चालू द्या.” दिघेंनी चालू दिलं. सुदाम कांदळकरची बोटं गेली.

चौकशीत साहेब म्हणाले, “मला कुणी कळवलंच नाही.” दिघे धावत तांबोळींकडे गेले. तांबोळींनी खूप शोधलं आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. मेल कुठेच नव्हता. तांबोळींनी लोणच्याचा टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

गेटवर सुदामची बायको उभी होती.

“साहेब, तुम्ही वर सांगितलं होतं ना?”

“सांगितलं होतं, ताई.”

खरंच होतं ते. पण स्वतःच्या तोंडून ऐकताना दिघेंनाच ते धादांत खोटं वाटलं.