नऊचे सोळा

जेवणाच्या सुट्टीत विभाग रिकामा झाला, तशी आक्का कॉम्प्युटरला नाक लावून बसली. औषधांच्या डब्यांवरची लेबलं छापायला जाण्याआधी तपासायची, हे तिचं काम. गेल्या महिन्यात एका सहकाऱ्याच्या नजरेतून चूक सुटली आणि साहेबांनी "डोळे गेले की गोडाऊन बरं" म्हणत त्याला खाली खोकी उचलायला धाडलं. आक्काला खोकी उचलायची नव्हती.

प्रोग्राममध्ये अक्षरं मोठी करायची सोयच नव्हती. फोनवर भाची होती. असल्या भानगडी तिला बरोबर जमत.

"मावशी, आधी लपलेल्या फाइली दाखवायला सांग त्याला. नावाआधी टिंब असलेली सेटिंगची फाइल दिसली?"

"दोन दिसतायत."

नावाआधी टिंब दिलं की फाइल लपते. माणसाला ही सोय नाही, नाहीतर आक्काने महिन्यापूर्वीच दिलं असतं.

"एकच तुझी आहे. कुठल्या फोल्डरमधली, ते नीट वाच."

"वाचता आलं असतं तर तुला कशाला फोन केला असता?" असं म्हणून आक्काने वरची उघडली.

अक्षराच्या आकारापुढे नऊ होते. तिने सोळा केले, सेव्ह केलं, प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला. लेबल ठसठशीत समोर आलं. कितीतरी दिवसांनी तिची पाठ खुर्चीला टेकली. तिला रडूच आलं.

सुट्टी संपली. मंडळी परतली, एकेकाने प्रोग्राम उघडला.

"अरेच्चा, हे काय?"

"माझ्याकडेही तेच!"

आक्काच्या आत्ता लक्षात आलं. वरची फाइल अख्ख्या विभागाची होती.

गलबला ऐकून साहेब केबिनबाहेर आले. "कुणाचा उद्योग हा?"

आक्का उभी राहिली. आता लपवून तरी काय राहणार होतं?

"माझा, साहेब. मला दिसत नव्हतं."

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवून उभ्याउभ्याच तिच्या पडद्यावरची ओळ वाचली, "थंड आणि कोरड्या जागी ठेवा." मग खालची वाचली. मग त्याखालचीही.

मग खुर्चीवर हात टेकून ते वाकले आणि फक्त तिलाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"माझ्या केबिनमध्ये का नाही आलं हे?"