एक्स-रेचा तारा

नाताळ तोंडावर आला तसा रिबेकाने गॅलरीत शरणपुरातला सगळ्यात मोठा तारा टांगला. समोर राहणाऱ्या धाकट्या जावेने, एस्तेरने, मात्र नवऱ्याचे एक्स-रे कापून, आत बल्ब सोडून तारा केला. अंबडच्या कारखान्यात पाठीचा मणका मोडल्यापासून दीर अंथरुणाला खिळलेला. तरी कॅरलवाली पोरं रिबेकाकडे एकच गाणं उरकून समोर रमली. दीर पडल्यापडल्या ताट बडवत होता, एस्तेर खिदळत होती. रिबेकाच्या पोटात दुखू लागलं. करंज्या द्यायच्या निमित्ताने ती गेलीच. “एवढं होऊन हसू कसं येतं गं?” “ताई, येशूने ह्यांना माझ्याजवळ ठेवलंय. रडू कशाला?” घरी रिबेकाचा धडधाकट नवरा मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, “दार लाव.” चिडून तिने स्वतःचा तारा विझवला. तरी काळोख होईना. समोरच्या मोडक्या मणक्याचा उजेड तिच्या भिंतीवर पडला होता.